४६२ गुण आणि तीन आठवड्यांची घाई

पत्राचा सारांश: वाचक मैत्रिणीने अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. केली असून ती सध्या पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं देखरेखीखालचं काम, करते, आठवड्याला चाळीस तास. परवान्यासाठी लागणारी ईपीपीपी परीक्षा तिने पहिल्यांदा दिली आणि ४६२ गुण मिळाले. पास व्हायला ५०० हवे होते. तयारी सहा महिन्यांची. तयारीचे चार जाड खंड दोनदा वाचले, रंगवले. सांख्यिकी कच्ची म्हणून त्यातले दोन महिने तिलाच दिले. सराव परीक्षा मात्र शेवटच्या पंधरवड्यात तीनच दिल्या, प्रत्येकीत साठ टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्ष परीक्षेत वेळ संपत आला आणि शेवटच्या बावीस प्रश्नांना न वाचताच उत्तरं निवडावी लागली. ती विचारते: "सगळं ताजं आहे तोवर तीन आठवड्यांत परत बसू का? की वर्षभर थांबून मुळापासून पुन्हा वाचू? माझी भाषाच कमी पडते का? समोर क्लायंट बसला की वाटतं, जिला परवाना मिळत नाही तिने याला काय सांगायचं? सुपरवायझरना अजून कळवलेलं नाही. आईलाही नाही."

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही दोन पर्याय ठेवलेत, तीन आठवडे किंवा एक वर्ष. दोन्हींमागे एकच गृहीतक आहे: वाचन कमी पडलं. तुमच्याच पत्रातले आकडे तसं सांगत नाहीत, म्हणून आधी त्या आकड्यांकडे बघू.

परीक्षेत २२५ प्रश्न असतात, वेळ सव्वाचार तास. गुण त्यातल्या १७५ प्रश्नांनाच असतात. उरलेले ५० पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहायचे असतात आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. निकाल २०० ते ८०० या मोजपट्टीवर लागतो. तेव्हा ४६२ म्हणजे शेकडा ४६ नव्हे आणि आठशेपैकी ४६२ असा भागाकारही करायचा नाही. पासची रेघ साधारण सत्तर टक्के बरोबर उत्तरांच्या आसपास येते, प्रश्नपत्रिका जड की हलकी यावरून थोडी खालीवर. तुमच्या सराव परीक्षांतल्या साठ टक्क्यांवरून सत्तरवर जायचं म्हणजे १७५ मध्ये सतरा-अठरा प्रश्न जास्त बरोबर यायला हवेत.

आता ते बावीस प्रश्न घ्या. न वाचता निवडलेल्या उत्तरांत चारातलं एक लागतं, म्हणजे पाच किंवा सहा. तेच वाचून सोडवले असते तर तुमच्या नेहमीच्या सरासरीने तेरा बरोबर आले असते. यातले काही बिनगुणांचे असतील, तरी गुण मिळणारे पाच-सहा प्रश्न नुसत्या घड्याळापायी गेले. त्यासाठी पाचवा खंड वाचायची गरज नव्हती.

सांख्यिकीचंही तसंच आहे. संशोधनपद्धती आणि सांख्यिकी हे क्षेत्र परीक्षेत ७ टक्के आहे, म्हणजे गुणांचे बारा प्रश्न. मूल्यमापन आणि निदान १६ टक्के, नैतिक-कायदेशीर-व्यावसायिक बाबी १६ टक्के; दोन्ही मिळून छप्पन्न. उपचार, प्रतिबंध आणि सुपरव्हिजन १५ टक्के, बोधन (शिकणं, स्मृती, विचार) आणि भावना १३, आयुष्यभरातला विकास १२, सामाजिक-सांस्कृतिक पाया ११, जैविक पाया १०. सांख्यिकीत तुम्ही पन्नासवरून पंचाहत्तर टक्क्यांवर गेलात तरी हाती तीन प्रश्न लागतात. मूल्यमापन आणि नीतिशास्त्रात दहाच टक्के सुधारलात तर पाच-सहा. दोन महिने एका क्षेत्राला देण्यामागे तुमची भीती होती, त्याचं वजन नव्हतं. कच्चा विषय सतत डोळ्यांपुढे राहतो आणि ज्यात बरं जमतं तिथली गळती दिसत नाही, हे बहुतेकांचं होतं.

तरीही सांख्यिकी सोडून देऊ नका, कारण त्या बारा प्रश्नांतला बराच भाग मूल्यमापनातही कामाला येतो. मापनाची प्रमाणत्रुटी, म्हणजे चाचणीचे गुण खऱ्या गुणांपासून किती इकडेतिकडे असू शकतात, ती घ्या. बुद्ध्यंक चाचणीचं प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ असेल तर १ मधून ०.९१ वजा करून ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १५ म्हणजे ४.५. मिळालेल्या गुणांच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९ गुण, ही ९५ टक्के विश्वासाची पट्टी. हे गणित तोंडी करता आलं पाहिजे. तसंच सेन्सिटिव्हिटी (विकार असलेल्यांना अचूक ओळखणं) आणि स्पेसिफिसिटी (विकार नसलेल्यांना अचूक वगळणं), सांख्यिकीतली पहिल्या प्रकारची चूक (नसलेला परिणाम आहे म्हणणं) आणि दुसऱ्या प्रकारची (असलेला परिणाम नाही म्हणणं), आणि विकाराचं प्रमाण समाजात वाढलं की 'चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे विकार आहे' या निष्कर्षाचा भरवसा का वाढतो, एवढं पक्कं करा. बहुचल विश्लेषणाच्या सूत्रांत आठवडे घालवू नका.

आता वाचनाकडे येते. रंगवलेलं पान दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं असेल. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत, न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. हा अभ्यास ईपीपीपीच्या बोधन विभागाच्या कक्षेत येतो, आणि तयारी करताना आपण नेमका तोच विसरतो. तुमच्या हातून आठवून पाहण्याचं काम शेवटच्या पंधरा दिवसांत झालं. साडेपाच महिने फक्त ओळख वाढत गेली.

म्हणून तीन आठवड्यांत परत बसू नका. 'ताजं आहे' म्हणजे ओळखीचं आहे, आणि तेवढ्यावर ४६२ आले आहेत. शिवाय बारा महिन्यांत चारच वेळा बसता येतं. दर वेळी राज्याच्या परवाना मंडळाची परवानगी, परीक्षेचे ६०० डॉलर आणि वर परीक्षा केंद्राचं शुल्क. एकूण किती प्रयत्न आणि मध्ये किती अंतर, याचे काही मंडळांचे स्वतःचे नियमही असतात. वर्षभर थांबण्याच्या बाजूने तर मला काहीच म्हणता येत नाही. वर्षात जे विसराल ते भरून काढण्यातच पुढचे महिने जातील. माझ्या मते बारा आठवडे, आठवड्याला दहा तास. पोस्टडॉक सांभाळून याहून जास्त ठरवलंत तर तिसऱ्या आठवड्यातच वेळापत्रक मोडेल.

पहिल्या शनिवारी, काहीही न वाचता, पूर्वी न पाहिलेली २२५ प्रश्नांची पूर्ण सराव परीक्षा द्या, घड्याळ लावून, एका बैठकीत. मग दोन संध्याकाळी प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर तीनपैकी एक खूण करा. 'माहीत नव्हतं' ही पहिली. दोन पर्यायांवर आले आणि चुकीचा धरला, ही दुसरी. प्रश्नच नीट वाचला नाही, ही तिसरी. साठ टक्के म्हणजे नव्वद चुका. समजा त्यातल्या चाळीस पहिल्या प्रकारच्या निघाल्या, पस्तीस दुसऱ्या आणि पंधरा तिसऱ्या, तर नव्वदांपैकी पन्नास चुका वाचून सुटणाऱ्या नाहीत. तुमचं प्रमाण वेगळं निघेल, पण मोजल्याशिवाय पुस्तक उघडू नका. अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरांनाही खूण करा, ती पुढच्या वेळी चुकू शकतात.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात कामाच्या चार दिवशी रोज सव्वा तास आणि शनिवारी पाच. शनिवारी सगळ्या क्षेत्रांची सरमिसळ असलेले पन्नास-पन्नास प्रश्नांचे दोन संच, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांत. एकेका विषयाचे सलग प्रश्न सोडवले की उत्तर कुठल्या कप्प्यातून काढायचं हे आधीच कळलेलं असतं. परीक्षेत ते कोणी सांगत नाही. उरलेला वेळ चुकांचा. चुकीच्या उत्तराचं स्पष्टीकरण वाचून मान डोलावणं पुरेसं नाही. उरलेले तीन पर्याय का चूक आणि प्रश्न कसा बदलला असता तर ते बरोबर ठरले असते, हे प्रत्येकी एका ओळीत लिहा. यात वेळ जातो, पन्नास प्रश्नांना दीड तास सहज. गुण इथेच वाढतात. कामाच्या दिवशी कोऱ्या पानावर एक विषय न बघता उतरवा, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. तोच विषय तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी पुन्हा. खंडांचा उपयोग एवढाच, लाल पेनसाठी.

काही गोष्टी मात्र सरळ पाठच कराव्या लागतात, आणि अनुभवी थेरपिस्टच त्यात फसतात, कारण रोजच्या कामात मुदत मोजत कोणी बसत नाही. निदानाच्या मुदतींचं एक पान करा. ब्रीफ सायकॉटिक डिसऑर्डर एक महिन्याच्या आत, स्किझोफ्रेनिफॉर्म एक ते सहा महिने, स्किझोफ्रेनिया किमान सहा. अॅक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर तीन दिवस ते एक महिना, त्यापुढे पीटीएसडी. हायपोमेनिया चार दिवस, मेनिया एक आठवडा, मेजर डिप्रेशन दोन आठवडे, दीर्घकालीन नैराश्य मोठ्यांत दोन वर्षं आणि मुलांत एक. दुसरं पान औषधांचं: लिथियमची विषबाधा कशी ओळखायची, क्लोझापीनमुळे पांढऱ्या पेशी का तपासाव्या लागतात, एमएओआय गटातली नैराश्यावरची औषधं घेणाऱ्याने मुरवलेलं चीज का टाळायचं. तिसरं पान तुम्ही बहुधा केलेलंच नसेल: व्यवसाय-निवड आणि संघटनात्मक मानसशास्त्राचं. हॉलंडचे व्यक्तिमत्त्वाचे सहा प्रकार, सुपरच्या करिअरच्या अवस्था, निवडपद्धतींची वैधता, नेतृत्वाची प्रारूपं. क्लिनिकलची मंडळी हे परकं समजून वगळतात, पण त्याचे प्रश्न वेगवेगळ्या क्षेत्रांत विखुरलेले सापडतात.

दुसऱ्या प्रकारच्या चुका, म्हणजे दोन पर्यायांतली अडचण, बहुतेकदा एकाच जातीच्या असतात. आपण अनुभवातून उत्तर देतो आणि परीक्षा संकल्पनेतून विचारते. साधं उदाहरण: निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. बोलण्यात 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट, म्हणून हात आपोआप शिक्षेकडे जातो. वर्तन वाढलं की कमी झालं, हा पहिला प्रश्न. काही दिलं की काढून घेतलं, हा दुसरा. वाढलं आणि काढून घेतलं, तर निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. प्रत्येक वेळी याच क्रमाने विचारा. स्थलांतरित माणूस नव्या संस्कृतीशी कसं जुळवून घेतो याचे मानसशास्त्रज्ञ बेरी यांनी सांगितलेले चार प्रकार आहेत, त्यांबद्दलही सावध राहा. एकात्मता, समरसता, विलगता आणि परिघावर पडणं, या सगळ्यांतून तुम्ही स्वतः कधी ना कधी गेला असाल, म्हणून प्रश्नातल्या माणसाऐवजी स्वतःचा विचार करून उत्तर दिलं जातं. मूळ संस्कृती जपली का, नव्या समाजाशी नातं जोडलं का, एवढंच तपासा.

नीतिशास्त्रात ही गफलत सर्वात महाग पडते. थेरपिस्टकडे वकिलाचा सबपीना, म्हणजे साक्ष किंवा कागदपत्रं मागणारा समन्स, आला, तर काय करायचं? घाबरलेला माणूस कागद देऊन मोकळा होतो, प्रेमळ माणूस ठाम नकार देतो. परीक्षेला हवं असलेलं उत्तर मधलं असतं: प्रतिसाद द्यायचा, पण क्लायंटची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश नसेल तर आधी गोपनीयतेचा हक्क पुढे करायचा. सबपीना आणि न्यायाधीशांचा आदेश एक नव्हे. सहकाऱ्याचं गैरवर्तन कळलं तर गोपनीयता मोडत नसेल आणि बाब अनौपचारिक बोलण्याने सुटण्यासारखी असेल तेव्हा आधी त्याच्याशीच बोलायचं. मोठी इजा झालेली असेल किंवा होण्याची शक्यता असेल आणि बोलून सुटणारी नसेल तर तक्रार. 'सर्वप्रथम', 'सोडून', 'सर्वात कमी शक्यता' या शब्दांवर प्रश्न फिरतो, म्हणून लांब प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा, मग वरची हकिगत. आणखी एक: हा विभाग व्यवसायाच्या सर्वसाधारण आचारसंहितेवर असतो. तुमच्या राज्याच्या कायद्याची परीक्षा असेल तर ती वेगळी. तिचा अभ्यास आता यात मिसळू नका.

भाषेची शंका मोजता येते, मनात ठेवू नका. एकाच जातीचे पन्नास प्रश्न घड्याळ लावून सोडवा आणि दुसऱ्या दिवशी पन्नास घड्याळाशिवाय. बिनघड्याळाचे गुण दहा टक्क्यांहून जास्त वाढले तर वाचनाचा वेग ही खरी अडचण आहे. फरक किरकोळ असेल तर भाषेला दोष देणं थांबवा. वेगाची अडचण निघाली तर मंडळाला लेखी विचारा: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना काही मंडळं जादा वेळ देतात, काही देत नाहीत, आणि कागदपत्रं तारीख ठरवण्याआधी लागतात. शारीरिक किंवा शिकण्याशी संबंधित अडचणींसाठीची सवलतही अशीच आधी मागायची असते.

नववा, दहावा आणि अकरावा आठवडा: दर शनिवारी एक पूर्ण परीक्षा, शक्यतो तुमच्या खऱ्या परीक्षेच्या वेळेला. परीक्षा घेणाऱ्या एएसपीपीबीची स्वतःची सराव परीक्षा शेवटच्या दहा दिवसांसाठी राखून ठेवा. तेच ते प्रश्न पुन्हा सोडवून आलेल्या ऐंशी टक्क्यांना अर्थ नाही. न पाहिलेल्या दोन परीक्षांत सत्तरच्या वर असाल तर बसा. नसाल तर तारीख पुढे ढकला, मुदतीत ढकलण्याचा खर्च नव्या अर्जापेक्षा कमीच असतो. बारावा आठवडा फक्त त्या तीन पानांचा.

घड्याळासाठी हे ध्यानात ठेवा. एका प्रश्नाला ६८ सेकंद मिळतात. पंचाहत्तरावा प्रश्न ८० व्या मिनिटाला, दीडशेवा १६० व्या, दोनशे पंचविसावा २४० व्या. पंधरा मिनिटं शिल्लक राहतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून दीड मिनिटात न सुटलेल्या प्रश्नाचं काहीतरी उत्तर निवडा, परत पाहण्यासाठी खूण करा आणि पुढे जा. अगदीच अनोळखी प्रश्न आला तर तो त्या बिनगुणांच्या पन्नासांतला असू शकतो. त्याच्याशी भांडत बसू नका. 'पहिलं उत्तर बदलू नये' हा सल्ला ऐकला असेल, पण बदललेल्या उत्तरांत चुकीचं बरोबर होण्याचं प्रमाण उलट जास्त असतं. बदलण्याचं कारण शब्दांत सांगता आलं तर बदला, नुसती धाकधूक असेल तर नाही. मध्ये उठलात तर घड्याळ चालूच राहतं. तरी दीडशेव्या प्रश्नानंतर पाच मिनिटं उठणं परवडतं, हिशेबात ती धरलेली आहेत.

आपल्याकडच्या उमेदवारांना हमखास छळणारी गोष्ट म्हणजे नाव. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लायसन्सवर फक्त आद्याक्षर, अर्जात लग्नानंतरचं आडनाव. अर्जातलं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात. आजच तपासा. आणि 'आठवलेले प्रश्न' फिरवणाऱ्या व्हॉट्सअॅप गटातून बाहेर पडा. परीक्षेचे प्रश्न उघड न करण्याचं आपण लिहून दिलेलं असतं. ते मोडणं हाच नैतिक भंग आहे आणि गुण रद्द होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

क्लायंटसमोर बसताना येणाऱ्या विचाराबद्दल. ईपीपीपीचे दोन भाग आहेत. तुम्ही दिलेला पहिला भाग ज्ञान तपासतो, तेही बहुपर्यायी प्रश्नांतून. तुम्ही समोरच्याचं ऐकून कसं घेता, जोखीम कशी ओळखता, हे त्यात मोजलेलं नाही. ते तुमचे सुपरवायझर दर आठवड्याला पाहतात. म्हणूनच त्यांच्यापासून लपवू नका. लपवल्यामुळे अभ्यासासाठी वेळ मागता येत नाही आणि परवान्याच्या तारखेवर अवलंबून असलेली नेमणूक किंवा व्हिसा असेल तर त्याचं नियोजनही लांबतं. बोलणं छोटं ठेवा: "परीक्षेत ४६२ आले, ५०० हवे होते. बारा आठवड्यांनी पुन्हा बसते आहे. तोवर बुधवारी दुपारी चारनंतर नवे क्लायंट नकोत, जमेल का?" मागणी नेमकी असली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं.

त्याच दिवशी मंडळाला तीन प्रश्नांचा ईमेल लिहा: पुन्हा बसण्यासाठी किती अंतर लागतं, एकूण प्रयत्नांना मर्यादा आहे का, आणि ४५० च्या वर गुण असल्याने देखरेखीखालच्या कामासाठी काही तात्पुरती नोंदणी मिळते का. देखरेखीखाली काम करण्यासाठी एएसपीपीबीची शिफारस ४५० ची आहे, पण ती मानायची की नाही हे प्रत्येक मंडळ ठरवतं. कौशल्यांचा दुसरा भाग तुमच्याकडे लागतो का, हेही विचारून घ्या, काही ठिकाणी तो सक्तीचा आहे.

आईला कधी सांगायचं ते तुम्हीच ठरवा. सांगाल तेव्हा २०० ते ८०० ची मोजपट्टीही सांगा, नाहीतर त्या ४६२ आठशेपैकी धरतील.